सरकारी खुर्ची, कंपनीची खुर्ची

अमरावतीहून पश्चिमेला निघाले की काही मैलांवर भातकुली लागते. तालुक्याचे गाव, आदिनाथाचे जुने दिगंबर जैन मंदिर आणि चहूकडे खारपाण पट्ट्यातली काळी, भेगाळणारी जमीन. गावकरी सांगतात की रुक्मिणीहरणानंतर हरलेल्या रुक्मीने कौंडिण्यपूरला परत जायचे नाही म्हणून जे भोजकट वसवले, ते हेच. पुराणाचा भाग बाजूला ठेवला तरी भोजकट हा प्रदेश कागदावर, म्हणजे खरे तर तांब्यावर, पक्का नोंदलेला आहे. अचलपूरजवळच्या चम्मकला १८६८ साली सापडलेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पाचव्या शतकातला आहे. त्यात भोजकट-राज्यातले, मधुनदीकाठचे चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. फ्लीटने तो १८८८ साली छापला आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी १९६३ साली वाकाटकांच्या साऱ्या लेखांसोबत पुन्हा संपादित केला. निवृत्त सचिवाने कंपनीचा अध्यक्ष होणे या गोष्टीचा मागोवा घ्यायचा तर आपण सुरुवात या तांब्याच्या पत्र्यांपासून करू. हे वाचकाला लांबचा वळसा घेतल्यासारखे वाटेल; पण वाट इथूनच निघते.

ताम्रपट जवळून वाचला तर दिसते ते असे. आधी जमिनीचे माप आहे, राजमानाने आठ हजार भूमी. मग विनंती कोणी केली त्याचे नाव आहे, शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज. लेख कोणत्या सेनापतीच्या वेळी झाला तेही आहे, चित्रवर्मा, आणि राज्यवर्ष १८. सर्वाध्यक्षाच्या हुकमाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आणि गावोगाव फिरणाऱ्या भट-छात्रांना, म्हणजे राजाच्या शिपायांना, बजावले आहे की या गावात आता तुमचे काही चालणार नाही. आणि शेवटी अटी आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याचा द्रोह करू नये, चोरी, परस्त्रीगमन, राजाला अपथ्य करणे यांपासून दूर राहावे, लढाया करू नयेत, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. यांपैकी काही केले, किंवा करणाऱ्याला नुसती मान डोलावली, तरी जमीन काढून घेताना राजाला चोरीचा दोष लागणार नाही. कोणाच्या सांगण्यावरून, कोणाला, किती, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या साक्षीने, एवढे सगळे त्या पत्र्यांवर आहे. सत्ता आणि मिळकत एकमेकींना भेटतात तेव्हा भेटीची नोंद कशी ठेवावी, याचा हा वऱ्हाडातला एक जुना नमुना. पुढे दीड हजार वर्षांत हा नमुना किती वेळा मोडला गेला, ते पाहत आपण खाली यायचे आहे.

मधली शतके भराभर ओलांडू. वऱ्हाड बहामनींकडून इमादशाहीकडे, तिथून निजामशाहीकडे आणि मग मोगलांकडे गेले. मलिक अंबरने १६२६ साली मरण्यापूर्वी जमाबंदीची घडी बसवली. राजे बदलले तरी परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-पटवारी जागचे हलले नाहीत. त्यांना पगार नव्हता. वसुलात हक्क होता. म्हणजे सरकारी माणूस हाच सरकारी उत्पन्नाचा भागीदार. साखरखेर्ड्याच्या १७२४ च्या लढाईनंतर निजाम स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली सुरू झाली. एकाच शेताला दोन सरकारांचे वसुलदार. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पाडाव झाला, देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख एकट्या निजामाकडे गेला आणि आपल्या गोष्टीतले पहिले खरे पात्र रंगमंचावर येते. ते माणूस नाही. ती पेढी आहे.

विल्यम पामर हा हैदराबादेतला सावकार. निजामाची फौज पोसायला रोकड लागे आणि खजिना कायम रिकामा. निजामाचा पेशकार चंदुलाल हा पामर आणि कंपनी या पेढीकडून पैसा उचलत असे आणि वऱ्हाड-औरंगाबादकडच्या स्वारांचा पगारही याच पेढीमार्फत चुकता होई. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने १८१६ साली पेढीला खास परवाना दिला. तिचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्जच्या मानलेल्या मुलीचा नवरा. इथवर निदान उघड होते. १८२० साली चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याच्या लक्षात आले की निजामावर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या रेसिडेन्सीतलेच काही अधिकारी या पेढीच्या नफ्यात गुंतलेले आहेत. कर्ज द्यायचे की नाही यावर सल्ला देणारे तेच, आणि व्याज खाणारेही तेच. त्याच वर्षी साठ लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले होते. मेटकाफने लिहून लिहून कलकत्त्याला हैराण केले, गव्हर्नर जनरलची मर्जी घालवली, पण माघार घेतली नाही. १८२४ च्या सुमारास पेढी बुडाली. आज एखादा सचिव निवृत्तीनंतर ज्या धंद्याच्या फाइली तो हाताळत होता त्याच धंद्यात जाऊन बसतो तेव्हा आपल्याला जी शंका येते, तीच शंका मेटकाफच्या पत्रांतून दोनशे वर्षांपूर्वी मांडलेली आहे. फरक इतकाच की हैदराबादच्या त्या अधिकाऱ्यांनी निवृत्त होण्याचीही वाट पाहिली नव्हती.

पामर गेला तरी पद्धत राहिली. पुरणमल नावाच्या बड्या सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग इजाऱ्याने होता. त्याला काढल्यावर १८४१ च्या सुमारास पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीला कर्जफेडीपोटी वऱ्हाडातले परगणे लावून देण्यात आले. म्हणजे काही वर्षे वऱ्हाडातल्या कुणब्याचा सारा चक्क कंपनी वसूल करत होती. ती परगणे सोडीना तेव्हा १८४५ मध्ये ते बळाने काढून घ्यावे लागले. याच पेस्तनजींच्या नावावर दुसरीही एक नोंद आहे आणि ती मात्र कौतुकाने सांगण्याजोगी. वऱ्हाडचा कापूस तोवर मिर्झापूरकडे, गंगेच्या वाटेने जाई. विकाजी-पेस्तनजींनी १८२५-२६ मध्ये पहिल्यांदा तो थेट मुंबईकडे पाठवला. एक लाख वीस हजार पौंड कापूस, पाचशे बैलांवर लादून. घाट उतरून जाणारा तो तांडा म्हणजे वऱ्हाड जगाच्या बाजाराशी जोडले गेल्याचा पहिला दिवस. तोच धंदेवाला कापसाला बाजार मिळवून देतो आणि हाती सारावसुली आली की सोडत नाही. माणूस एकच, त्याला कोणत्या खुर्चीवर बसवले आणि कोणाला जाब द्यायला लावले, यावर सगळे अवलंबून.

आता ज्या राज्यसत्तेने १८५३ च्या तहाने वऱ्हाड ताब्यात घेतले, ती स्वतःच मुळात कंपनी होती हे आपण विसरतो. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर आधी दलाल होते, मग कलेक्टर झाले. त्यांच्या खासगी व्यापाराने बंगाल लुटला गेला, म्हणून कॉर्नवॉलिसने अठराव्या शतकाच्या अखेरीस पगार वाढवले आणि सारावसुलीवरच्या अधिकाऱ्यांना व्यापार बंद केला. व्यापार करणार नाही, नजराणे घेणार नाही, अशा करारावर सही करून नोकरीत शिरायचे. आपल्या सनदी सेवेचा पाया या सहीवर आहे, पराक्रमावर नाही. अर्थात वर लंडनमध्ये दार उघडेच होते. जेम्स रिव्हेट-कार्नॅक हा बडोद्याचा रेसिडेंट. विलायतेला परतून तो कंपनीच्या संचालक मंडळात गेला, १८३० च्या दशकात तिचा अध्यक्ष झाला आणि १८३९ ते १८४१ मुंबईचा गव्हर्नर. अधिकारी, मग अध्यक्ष, मग पुन्हा अधिकारी, असा पूर्ण फेरा. रिचर्ड स्ट्रेची हा हिंदुस्थान सरकारच्या बांधकाम खात्याचा सचिव. १८८९ पासून १९०७ पर्यंत तो ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता. हिंदुस्थानातल्या रेल्वेला सरकारने व्याजाची हमी द्यायची हे धोरण ज्या दप्तरात ठरे, त्या दप्तरातली माणसे निवृत्तीनंतर त्याच रेल्वे कंपन्यांच्या लंडनच्या मंडळांवर बसत. हमीचे व्याज भरणारी रयत मात्र इकडे.

कार्नॅक घराण्यातलाच हॅरी रिव्हेट-कार्नॅक १८६० च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरचा कापूस अडला होता, आणि सरकारने एक अख्खा सनदी अधिकारी पराटीच्या पिकासाठी नेमला. बियाणे, भेसळ, गाठी दाबायचे प्रेस, बाजारापर्यंतची वाट, हे त्याचे काम. खामगावची रेल्वे शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोने उघडली ती याच खटपटीतून. सरकारी अधिकाऱ्याने धंद्याची चाके फिरवायची, पण नफा दुसऱ्याच्या गल्ल्यात, ही तऱ्हा इथे पक्की झाली. गल्लाही सरकारचाच असावा, ही कल्पना यायला अजून नव्वद वर्षे होती.

अमरावतीच्या पुढाऱ्यांची वाट त्या काळात उलटी होती. दादासाहेब खापर्डे १८८५ ते १८९० सरकारी नोकरीत होते. ती सोडून वकिलीत आले आणि टिळकांच्या गोटात शिरले. १९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले रघुनाथ नरसिंह मुधोळकर वकिली सांभाळून गिरण्या-कारखाने निघावेत म्हणून झटत राहिले. देशी माणसाला सरकारी नोकरीत वरची पायरी मिळत नव्हती, मग तिथून अध्यक्षाच्या खुर्चीवर उडी कुठून मारणार? ती उडी पुढे मारली ती दोघांनी, आणि दोघांचाही मुंबई सरकारशी संबंध. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून शिकून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, नाशिकपासून खडकवासल्यापर्यंत कामे केली, १९०८ मध्ये नोकरी सोडली, म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९२३ ते १९२९ भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचे अध्यक्ष राहिले. दुसरे सर अर्देशीर दलाल. आयसीएस, मुंबई महापालिकेचे पहिले हिंदी आयुक्त. १९३१ मध्ये त्यांनी सरकारी सेवा सोडून टाटांकडे जमशेदपूरचा कारभार घेतला, १९४४ च्या मुंबई योजनेवर सही केली आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या मंडळात नियोजन खाते सांभाळायला परत सरकारात गेले. पगार सरकारकडून, मग टाटांकडून, मग पुन्हा सरकारकडून, आणि तरी कोणी बोट दाखवले नाही. कारण प्रत्येक वेळी त्यांनी आधीचे दार लोकांसमोर बंद केले होते.

आणि मग चिंतामण द्वारकानाथ देशमुख. आडनावावरून वाचकाने त्यांना वऱ्हाडातल्या देशमुखांत बसवू नये. ते महाडजवळच्या नाते गावी, १८९६ च्या संक्रांतीला जन्मलेले कोकणातले कायस्थ. पण नोकरी वाट्याला आली ती आपल्या प्रांतात. १९१८ साली लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर आणि मग मध्य प्रांत-वऱ्हाडची केडर. रायपूर-दुर्गकडे जमाबंदीचे काम, १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात, आणि १९३३ ते १९३९ प्रांताचे वित्त सचिव. वऱ्हाडचा कापूस सारा भरतो आणि पैसा मध्य प्रांतात जिरतो, ही तक्रार अमरावती-अकोल्यात तेव्हा घरोघर होती. त्या हिशेबाची वही नागपूरला ज्याच्या टेबलावर असे तो वित्त सचिव. हिशेबात दोन्हीकडून दगड खाण्याची सवय त्यांना तिथे लागली असणार.

१९३९ च्या जुलैत ते रिझर्व्ह बँकेत सरकारचे संपर्क अधिकारी म्हणून गेले, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ मध्ये उपगव्हर्नर आणि १९४३ च्या ऑगस्टात गव्हर्नर. पहिले हिंदी गव्हर्नर म्हणून हे नाव शाळेतही पाठ असते. त्यातला आपल्या विषयाचा मुद्दा मात्र कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँक तेव्हा सरकारी नव्हती. ती भागधारकांची बँक होती. पाच कोटींचे भांडवल, शंभर-शंभर रुपयांचे समभाग, मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि रंगून अशी पाच भागांतली नोंदपुस्तके, आणि सरकारच्या नावावर जेमतेम २ लाख २० हजारांचे समभाग. गव्हर्नर हा तिच्या मध्यवर्ती मंडळाचा अध्यक्ष. म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडचा एक सनदी अधिकारी खासगी भागधारकांच्या मालकीच्या, देशातल्या सर्वांत वजनदार संस्थेच्या अध्यक्षपदी बसला होता. १९४४ मध्ये ते ब्रेटन वुड्सला गेले ते या नात्याने. आणि १ जानेवारी १९४९ ला बँक राष्ट्रीय झाली तेव्हा भागधारकांना शंभराच्या समभागामागे ११८ रुपये १० आणे चुकते करून मालकी सरकारकडे घेतली गेली. खुर्चीवर तेच देशमुख. कंपनीचा अध्यक्ष एका रात्रीत पुन्हा सरकारी अध्यक्ष झाला, तोही जागचे न उठता.

त्यांनी खरी घडण केली ती पुढे, अर्थमंत्री म्हणून. १९५५ आणि १९५६ ही दोन वर्षे आपण जरा थांबून पाहायला हवीत. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १ एप्रिल १९५६ पासून नवा कंपनी कायदा लागू झाला. तो संसदेत देशमुखांनीच नेला होता. निम्म्याहून अधिक भांडवल सरकारचे असेल ती सरकारी कंपनी, ही व्याख्या त्यात आली. आणि त्याआधी, १९ जानेवारी १९५६ च्या रात्री आकाशवाणीवरून त्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. देशी, परदेशी आणि लहानसहान मिळून २४५ विमा संस्था एका वटहुकमाने सरकारी ताब्यात आल्या. तीनच दिवसांपूर्वी, १६ जानेवारीला, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नेहरूंनी त्याच आकाशवाणीवरून केली होती. देशमुखांनी राजीनामा देऊ केला होता. तो जुलैपर्यंत लांबला. म्हणजे ज्या माणसाचे मन मंत्रिमंडळातून उठले होते, त्याने त्या सहा महिन्यांत देशातल्या पुढच्या साऱ्या सरकारी अध्यक्षांच्या खुर्च्यांचा सांगाडा उभा केला. आणि मुंबईत झालेल्या गोळीबाराची चौकशी नाही, मुंबईचा निर्णय घेताना मंत्रिमंडळाला विचारले नाही, ही कारणे लोकसभेत उघड सांगून ते बाहेर पडले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हे कारणांसकट निघून जाणे. कायदे दुसऱ्यानेही केले असते.

१ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले आणि वर्ष भरायच्या आत त्या सांगाड्याची परीक्षा झाली. कलकत्त्याचा हरिदास मुंदडा हा शेअर बाजारातला अडचणीत आलेला खेळाडू. २५ जून १९५७ ला महामंडळाने त्याच्या सहा कंपन्यांचे, रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनचे, सुमारे १ कोटी २४ लाखांचे समभाग घेतले; काही तर बाजारभावापेक्षा चढ्या दराने. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, तिला आधी विचारले गेले नाही. महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आयसीएस. अर्थ खात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल आयसीएस. पटेलांनी सांगितले, कामतांनी ऐकले. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत विषय काढला आणि जानेवारी १९५८ मध्ये मुंबईचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगापुढे मुंबईत उघड सुनावणी सुरू झाली. आत जागा पुरेना म्हणून बाहेर जमलेल्या गर्दीसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. कल्पना करा, विम्याचा हप्ता भरणारा साधा माणूस रस्त्यात उभा राहून देशाचा अर्थमंत्री, सचिव आणि महामंडळाचा अध्यक्ष यांच्या उलटतपासण्या ऐकतो आहे. आणि ऐकायला काय मिळाले? संमती दिली होती की नव्हती, कोणत्या बैठकीत, कोणत्या शब्दांत, यावर मंत्री एक सांगतात, सचिव दुसरे. सव्वा कोटीच्या व्यवहाराला मंत्र्यांचा लेखी हुकूम नाही. चर्मांकच्या शेतजमिनीला होता!

छागलांनी १० फेब्रुवारीला अहवाल दिला, आठवड्याभरात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा राजीनामा आला. त्या अहवालातली एक शिफारस आपल्या विषयाला अगदी नेमकी लागू पडते. महामंडळाचा अध्यक्ष व्यापार-वित्ताचा अनुभव असलेला असावा. आणि वरिष्ठ पदे सनदी सेवेतून भरली तर त्या माणसांच्या मनावर ठसवावे की त्यांची निष्ठा महामंडळाशी आहे, सरकारातल्या वरिष्ठांच्या दबावाला त्यांनी बळी पडू नये. सेवाज्येष्ठतेत वरचा असलेला सचिव फोन करतो तेव्हा खुर्चीवरचा अध्यक्ष आतून पुन्हा कनिष्ठ अधिकारी होतो, हे छागलांनी ओळखले होते. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची पुढची चौकशी ज्यांच्याकडे गेली ते न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस तर नागपूरचेच. सर बिपिन कृष्ण बोसांचे नातू आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. पटेलांची नोकरी या प्रकरणात संपली. ते गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणकार्यात रमले आणि १९७७ मध्ये, वीस वर्षांनी, देशाचे अर्थमंत्री म्हणून त्याच खात्यात परतले.

चौकशीची धूळ बसेपर्यंत सरकारी कंपन्यांचे पीक आले होते. १९५७ मध्येच सरकारने औद्योगिक व्यवस्थापनासाठी वेगळ्या अधिकाऱ्यांचा ताफा उभारायचे ठरवले. एकदाच भरती झाली आणि योजना विरली. म्हणून पुन्हा आयएएस. वऱ्हाडात हे सारे कापसातून पोचले. १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, १९७० साली भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपल्याकडे बाजारात ज्याला नुसते सीसीआय म्हणतात ते. १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी आणि पणन महासंघ. सरकीपासून गठाणीपर्यंत मालाचा प्रवास पाहणारा हॅरी रिव्हेट-कार्नॅकचा वारस आता खरेदीदारही झाला. बिगीने सांगायचे तर एकाधिकार योजना तोट्यात बुडाली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. चम्मक तिथून हाकेच्या अंतरावर.

सरकारी कंपनीतून खासगी अध्यक्षपदाकडे जाणाऱ्या वाटेचा सर्वांत गाजलेला प्रवासी मराठी नाही, पण त्याच्याशिवाय ही वंशावळ अपुरी राहील. आर. सी. भार्गव १९५६ च्या तुकडीचे आयएएस, उत्तर प्रदेश केडर. भेलमधून १९८१ मध्ये ते मारुती उद्योगात आले तेव्हा ती सरकारी कंपनी होती. पुढे जपानी भागीदाराकडे मालकी गेली, आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेले भार्गव २००७ साली त्याच कंपनीचे अध्यक्ष म्हणून परत आले. आपल्याकडचे उदाहरण विजय केळकरांचे. ते आयएएस नव्हेत, अर्थशास्त्रज्ञ. पण पेट्रोलियम सचिव, मग अर्थसचिव, आणि नंतर राष्ट्रीय शेअर बाजाराचे अध्यक्ष. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा नवा हिशेब मांडणारी २०११ ची समिती त्यांच्याच अध्यक्षतेखालची. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अमरावती विभागाच्या सिंचनाचा जो खड्डा मोजला होता तो पुन्हा मोजायचे काम शेअर बाजार पाहिलेल्या माणसाकडे आले. त्याच बाजाराच्या अध्यक्षपदी पुढे आलेले आणखी एक माजी अर्थसचिव अशोक चावला यांना मात्र २०१९ च्या जानेवारीत पायउतार व्हावे लागले.

आता नियम आहेत. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत खासगी नोकरी धरायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती, आता एक वर्षाची आहे. कॉर्नवॉलिसच्या सहीचा हा आजचा पातळ झालेला अवतार. २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालकांची तरतूद आली, पाच वर्षांच्या सलग दोन मुदतींहून अधिक बसता येत नाही असे ठरले. संचालकांच्या यादीत मग निवृत्त सचिवांची नावे गर्दी करू लागली. मुदत एक वर्षावर आणणे ही मला चूक वाटते. सचिवाने हातावेगळी केलेली फाइल एका वर्षात थंड होत नाही. पामरच्या कर्जाचे भांडण तर पेढी बुडाल्यावरही विझले नव्हते.

राहता राहिली भातकुली. इथल्या घरात सनदी अध्यक्षाची गाठ दर महिन्याला पडते आणि ती विजेच्या बिलावर. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालचे. ६ जून २००५ ला त्याचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण आणि सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. बिलावरचे नाव बदलले, तारा आणि खांब तेच. महावितरणचा प्रमुख अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणवतो आणि तो आयएएस अधिकारी असतो. काल तो एखाद्या खात्याचा सचिव किंवा महापालिकेचा आयुक्त होता, उद्या पुन्हा होईल. निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही, परवानगीही लागत नाही, कारण ही बदलीच असते. जो मंत्री दराच्या सवलती जाहीर करतो त्याचाच तो अधिकारी, आणि तोटा सोसणाऱ्या कंपनीचाही तोच अध्यक्ष. छागलांनी ज्या निष्ठेबद्दल लिहिले तिची कसोटी आता कोणत्याही घोटाळ्याविना, रोजच्या टपालात लागते. सवलत जाहीर झाली तेव्हा तिचे पैसे कोण, कधी भरणार हे मंडळाच्या बैठकीत कोणी विचारले का, आणि विचारले असेल तर इतिवृत्तात नोंदले का, एवढे जरी कळले तरी पुष्कळ कळते. सरकारी कंपन्यांना माहितीचा अधिकार कायदा लागू आहे. इतिवृत्त मागणारा अर्ज भातकुलीहूनही करता येतो. राज्यात त्याचे शुल्क दहा रुपये आहे.